कपारीतला कोळी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन तपशील छापण्यापूर्वी भरले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीत आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर रोज कुणी ना कुणी बोलतंच आहे, मी कोळ्यावर बोलते. पलीकडून जरा वेळ आवाजच येईना. मग विचारणा झाली, "कोळी म्हणजे मासे धरणारे?" म्हटलं, नाही, आठ पायांचा, जळमटातला. दिवाळीत झाडूनं काढतो तो. तरी त्यांनी मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल आधी त्यांचे आभार.

सुरुवातीला एक गंमत सांगते. मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. तिथल्या फेज तीनकडे गेलं की रस्त्याच्या कडेला पाटी दिसते, 'माण'. मुळशी तालुक्यातलं माण गाव. मी नवीन असताना त्या पाटीकडे बघून मला भरून आलं होतं, आणि सोबतची मैत्रीण म्हणाली होती, "अगं, हे तुझं माण नव्हे." नाव एक आणि गावं दोन, म्हणजे पत्रं चुकायचीच. प्राण्यांची नावं ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हीच भीती असते. म्हणून त्यांनी नियम करून ठेवला आहे की दोन वेगळ्या प्राण्यांना एकच शास्त्रीय नाव चालणार नाही, आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर साधारणपणे आधीचं नाव खरं धरायचं. हा नियम माझ्या आजच्या गोष्टीत पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

२०२० चा एप्रिल. टाळेबंदीत पुण्यातलं घर बंद करून आम्ही गावी आलो होतो. घरात रेंज नाही, माळवदावर एका कोपऱ्यात दोन काड्या यायच्या, तिथे छत्री लावून माझं ऑफिस. संध्याकाळी मुलीला घेऊन फिरायला जायचे. अशीच एकदा ओढ्याच्या पलीकडच्या माळावर गेले, तर समोरून मेंढरं घेऊन आपला एक वर्गमित्र आला. त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आत्ता तो मागच्या रांगेत बसला आहे. "नाव छापू नगं," असं त्यानं बजावलं आहे, म्हणून मी त्याला नुसतं 'मित्र' म्हणेन.

मुलीनं त्याला विचारलं, "काका, इथे गुहा आहे का?" शहरातल्या पोरांना डोंगर दिसला की गुहा हवीच असते. तो म्हणाला, "गुहा न्हाय बाई, कपार हाय. मोठी हाय. माझ्याच रानात हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला नेलं.

काळ्या पाषाणात एक आडवी भेग. तोंडाशी वाकून शिरावं लागतं, आत मात्र आपल्या वर्गाच्या निम्म्याइतकी जागा. बाहेर चाळीसच्या पुढे ऊन आणि आत माठाशेजारी बसल्यासारखा गारवा. मोबाइलचा उजेड छताकडे नेला आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. विस्कटलेल्या जाळ्यात उलटे लटकलेले दहा-बारा कोळी. फिकट, पिवळसर राखाडी. अंग सेंटिमीटरभर, पण पाय इतके लांब आणि बारीक की पसरले तर तळहात झाकून जावा. मुलीनं काडीनं जाळं हलवलं, तर एक कोळी जागच्या जागी असा गरगर हलायला लागला की त्याचा नुसता धूसर गोळा दिसावा.

मित्र हसला. "बघ, अंगात आल्यागत घुमतंय. आम्ही ल्हानपनी याला घुमणारं म्हनायचो. भिऊ नगं, कायबी करत न्हाय."

एका मादीच्या तोंडात गोल काहीतरी होतं. मला वाटलं भक्ष्य असेल. मित्र म्हणाला, "अंडी हायती. पिल्लं निघंस्तवर तोंडात धरून बसती. तवर तिला खायालाबी येत न्हाय." हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुपारच्या उन्हात मेंढरं सावलीला बसवून तो त्या कपारीत पडून राहायचा, आणि वरती बघत बसायचा. पुढे मी वाचलं, तेव्हा ते अक्षरशः खरं निघालं. या कुळातल्या माद्या अंड्यांचा गोळा थोड्याशा धाग्यानं बांधून जबड्यात धरून ठेवतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. अंधारातला, फिकट, लांब पायांचा कोळी! मी इंटरनेटवर वाचत गेले, आणि गुहेतल्या प्राण्यांची लक्षणं म्हणून तेच लिहिलेलं होतं. रंग जातो, पाय लांबतात, डोळे लहान होतात किंवा नाहीसे होतात. मनात एकच वाक्य फिरत होतं: आपल्या माणमध्ये नवी प्रजाती सापडली! खोटं कशाला सांगू, नावसुद्धा ठरवून झालं होतं. शेवटी 'माणदेशी' येईल असं काहीतरी.

सकाळी मी पुण्यातल्या एका तरुण कोळी-अभ्यासकाला फोटो आणि लांबलचक ईमेल पाठवला. संध्याकाळी चार ओळींचं उत्तर आलं. त्यात अभिनंदन नव्हतं, प्रश्न होते. डोळे किती आहेत? कोळी प्रौढ आहेत की पिल्लं? नर दिसला का? आणि असा कोळी आधी कुणी नोंदवलेला नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

शेवटचा प्रश्न वाचून मला माझीच लाज वाटली. कारण तो प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारते. आमच्याकडे कुणी सॉफ्टवेअरमधली चूक नोंदवली की पहिलं काम असतं ते म्हणजे ही चूक आधीच कुणी नोंदवली आहे का ते बघणं. दहातल्या कितीतरी तक्रारी जुन्याच निघतात, आणि आम्ही त्यांच्यावर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारतो. कोळ्याच्या बाबतीत मात्र मी थेट नाव ठेवून मोकळी झाले होते. विज्ञानाचे सर प्रयोगवहीत तांबड्या शाईनं लिहायचे ते आठवलं, "आधी निरीक्षण, मग अनुमान." सर, पंचवीस वर्षांनंतरही ती तांबडी शाई वाळलेली नाही.

मग मी पुन्हा कपारीत गेले. मोबाइलला चिकटवायचं एक भिंग मागवलं होतं, ते यायला टाळेबंदीत तीन आठवडे लागले. डोळे मोजले. आठच्या आठ होते, चांगले ठळक. तिथेच अर्धा फुगा फुटला. अंधारात राहतो तो प्रत्येक प्राणी अंधाराचाच झालेला नसतो. काही जीव पिढ्यान्‌पिढ्या गुहेबाहेर पडतच नाहीत, ते बाहेर जगूच शकत नाहीत. काहींना गुहा आवडते, पण गोठ्यात, जिन्याखाली किंवा पडक्या वाड्यातही त्यांचं भागतं. आमचा कोळी बहुधा दुसऱ्या जातीचा.

पण 'बहुधा'वर शास्त्र चालत नाही. नर हवा होता, आणि प्रौढ नर. का, ते सांगते. कोळ्यांच्या कित्येक प्रजाती रंगानं, आकारानं इतक्या सारख्या असतात की फोटोवरून काहीच ठरत नाही. फरक कळतो तो जननेंद्रियांच्या रचनेवरून. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात, त्यांच्या टोकाला गुंतागुंतीची रचना असते. मादीच्या पोटाखाली तिला जुळणारी रचना असते. कुलूप आणि किल्ली म्हणा. हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पुरे तयार होतात. म्हणून पिल्लू कितीही वेगळं दिसलं तरी त्याच्यावरून सहसा नवी प्रजाती जाहीर करत नाहीत.

नर मित्रानंच शोधला. मेलेला, जाळ्यात अडकलेला, पण अंग शाबूत. तो ठेवायचा कशात? कोळी साधारण सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्या दिवसांत अख्ख्या गावात अल्कोहोल एकाच रूपात होतं. मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत हात धुवायचं पातळ सॅनिटायझर भरलं आणि त्यात तो कोळी सोडला. अभ्यासकाला सांगितलं तर तो फोनवर मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "चालेल तात्पुरतं. पण मॅडम, चिठ्ठी लिहा. चिठ्ठी नसेल तर तो नमुना नाही, नुसता मेलेला किडा आहे."

चिठ्ठीत काय असतं? गाव, तालुका, जिल्हा. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची. कुठे सापडला, म्हणजे कपारीच्या छताला की जमिनीवर. तारीख. आणि शेवटी एक ओळ: कुणी गोळा केला. मी शिसपेन्सिलीनं लिहीत होते, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. शेवटच्या ओळीला हात आपोआप माझं नाव लिहायला गेला, आणि थांबला. कपार दाखवली त्यानं. अंड्यांचं सांगितलं त्यानं. नर शोधला त्यानं. मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

लिहिताना लक्षात आलं की हे पूर्ण नाव मी याआधीही पुष्कळदा लिहिलं आहे. आठवी-नववीत मी वर्गाची मॉनिटर होते. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर लिहायचं आणि न आलेल्यांची यादी बाईंना द्यायची, हे माझं काम. दिवाळी झाली की त्याचं घर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परतायचं. ते सगळे महिने मी सुवाच्य अक्षरात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. नववीनंतर तेही लिहायची गरज उरली नाही, नावच पटावरून गेलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. यादी बरोबर होती, एकही चूक नव्हती. पण तो कुठे होता, काय बघत होता, याला त्या यादीत रकाना नव्हता.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये प्रवास सुरू झाल्यावर मी ती बाटली घेऊन पुण्यात त्या अभ्यासकाकडे गेले. त्यानं कोळी काचेच्या बशीत ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, पाल्प बघितला, जबड्यावरची टोकं बघितली. दोन-तीन जुने शोधनिबंध उघडले, चित्रं ताडून पाहिली. मग म्हणाला, "आर्टेमा अटलांटा." पुढे म्हणाला, "वॉल्केनेर, १८३७."

वॉल्केनेर हे फ्रेंच अभ्यासक. त्यांनी १८३७ मध्ये हा कोळी वर्णिला. म्हणजे मी १८३ वर्षं उशिरा पोचले होते. हा कोळी माणसाच्या वस्तीबरोबर देशोदेशी पसरलेला, जुन्या इमारती, कपारी, गुहा यांत राहणारा. वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या लोकांना तो 'नवा' वाटला, त्यांनी त्याला निरनिराळी नावं दिली, आणि नंतर ती सगळी एकाच कोळ्याची निघाली. अशा फसलेल्यांच्या रांगेत मी बरीच मागे उभी होते. माझ्या ईमेलवर शिक्का बसला: डुप्लिकेट.

मी हिरमुसले होते. अभ्यासकाच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, "हा नवा निघाला असता, तर पुढे काय करावं लागलं असतं, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. ते त्यानं सांगितलं, आणि माझ्या मते आजच्या भाषणातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे.

नवी प्रजाती सापडते एका दिवसात, पण ती 'नवी' ठरायला महिने, कधी वर्षं जातात. आधी त्या गटातल्या सगळ्या ज्ञात प्रजातींची वर्णनं गोळा करायची. कोळ्यांचं नामकरण स्वीडनच्या क्लर्क यांच्या १७५७ च्या ग्रंथापासून धरलं जातं. बाकी सगळ्या प्राण्यांचं १७५८ पासून, लिनिअसच्या ग्रंथापासून, कोळ्यांना तेवढी एक वर्षाची सवलत. तेव्हापासूनचं लॅटिन, फ्रेंच, जर्मनमधलं जे काही असेल ते चाळायचं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातून चालणारी कोळ्यांची जागतिक सूची आता इंटरनेटवर आहे, त्यामुळे काम पुष्कळ सोपं झालं आहे. त्या सूचीत २०२२ मध्ये पन्नास हजारावी प्रजाती दाखल झाली. आपल्याकडे डॉ. बी. के. टिकादर यांनी पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातून भारतीय कोळ्यांवर मोठं काम केलं, त्यांचं कोळ्यांवरचं हँडबुक १९८७ चं, आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं.

मग मोजमापं. प्रत्येक पायाच्या प्रत्येक भागाची लांबी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. डोळ्यांमधली अंतरं. मादीचा अवयव अलगद सोडवून, रसायनात पारदर्शक करून, त्याची चित्रं. मग एक नमुना निवडायचा, त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधी वाद झाला की हे नाव नेमकं कुणाचं, तर त्या एका नमुन्याकडे बोट दाखवायचं. तो घरात ठेवून चालत नाही, संग्रहालयात जमा करायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कुणालाही बघता येईल. मग लेख, मग त्या लेखाची दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासणी, मग प्रसिद्धी. तेव्हा कुठे नाव लागतं.

या लेखात एक परिच्छेद असतो, त्याला 'डायग्नोसिस' म्हणतात. आपण तो शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो. इथे त्याचा अर्थ असा: ही प्रजाती तिच्या सर्वांत जवळच्या नातलगापासून नेमकी कशानं वेगळी आहे, ते मोजक्या वाक्यांत सांगा. 'सुंदर आहे', 'दुर्मीळ आहे', 'आमच्या गावची आहे', यातलं काहीही चालत नाही.

खरे गुहेतले कोळीही त्यानं मला दाखवले, चित्रांतून. मेघालयातल्या गारो टेकड्यांत सिजू नावाची गुहा आहे. १९२२ मध्ये केंप आणि चोप्रा या आपल्या प्राणी सर्वेक्षणाच्या दोघांनी ती आतपर्यंत तपासली. तिथले कोळी फ्रान्सच्या लुई फाज यांच्याकडे गेले आणि १९२४ मध्ये त्यांचं वर्णन छापून आलं. लाओसमधल्या गुहेतला सायनोपोडा स्क्युरिऑन, २०१२ मध्ये पीटर येगर यांनी वर्णिलेला, त्याला डोळेच नाहीत. हवाईच्या काउआई बेटावर लाव्हानं तयार झालेल्या बोगद्यांत एक आंधळा लांडगा-कोळी आहे, १९७३ मध्ये वर्णिलेला. त्याच्या घराण्याची ओळखच मोठे डोळे ही, आणि याला डोळे नाहीत, म्हणून तिथले लोक त्याला गमतीनं 'बिनडोळ्याचा मोठडोळ्या' अशा अर्थाचं नाव वापरतात. ते ऐकून मी कान टवकारले, कारण आपला सगळा मुलूखही लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

सर्वांत आवडली ती अमेरिकेतल्या ऑरेगनची गोष्ट. तिथल्या गुहांमध्ये सुट्टीच्या दिवशी हौसेनं उतरणाऱ्या मंडळींना २०१० मध्ये एक कोळी दिसला. पायांच्या टोकांना आकड्यांसारखी नखं. त्यांनी तो कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीकडे दिला. २०१२ मध्ये लेख आला, आणि तो नुसती नवी प्रजाती नव्हता, कोळ्यांचं एक नवं कुळच निघालं. नाव ठेवलं ट्रोग्लोरॅप्टर मार्चिंगटोनी. मार्चिंगटन हे शास्त्रज्ञ नव्हेत, ते त्या हौशी मंडळींपैकी, ज्यांनी कोळी शोधला ते.

शास्त्रीय नावात आपला सातारा आहे का, असंही मी विचारलं. आहे. १९०० मध्ये पोकॉक नावाच्या इंग्रज तज्ज्ञानं एका विंचवाला 'सातारेन्सिस' नाव दिलं, म्हणजे साताऱ्याचा. विंचू हे कोळ्याचे चुलतभाऊच. आणि दुसरं नाव ऐकाल तर आत्ता इथे टाळ्या पडतील. २०२१ मध्ये ध्रुव प्रजापती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाणे-कल्याण परिसरातल्या उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या. त्यातल्या एकीचं नाव 'आयसियस तुकारामी'. तुकारामी म्हणजे तुकाराम ओंबळे यांचा. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आपल्याच जिल्ह्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ती प्रजाती जगात कुठेही अभ्यासली जाईल, तेव्हा हे नाव उच्चारावं लागेल. (टाळ्या खरंच पडल्या.)

आता माझ्या कोळ्याकडे परत येते. घरी आल्यावर मी मित्राला सांगितलं, "अरे, तो जुनाच निघाला. फ्रान्सच्या माणसानं १८३७ मध्येच लिहून ठेवलाय." मला वाटलं तो नाराज होईल. तो म्हणाला, "मग बरंय की. मला वाटलं, ह्यो निस्ता आपल्या कपारीतच हाय, आन् आपन हात लावून बिघडवतोय." मी गप्प झाले. माझी काळजी नावाची होती, त्याची कोळ्याची.

मग त्यानं विचारलं, "त्या चिठ्ठीचं काय झालं?" मी म्हटलं, बाटली त्या अभ्यासकाच्या संग्रहात ठेवली आहे, चिठ्ठीसकट. प्रजाती जुनी असली तरी जागेची नोंद नवी आहे, माणच्या कपारीतली. "आन् माझं नाव?" म्हटलं, आहे, शेवटच्या ओळीत. तो थोडा वेळ मेंढरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजी येकदा तरी हजर लागली म्हनायची."

हे वाक्य त्यानं हसत म्हटलं होतं. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही, आणि म्हणूनच आज मी एआयवर बोलले नाही. बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात ती नियमाप्रमाणे, मी यादी द्यायचे ती नियमाप्रमाणे. दोष कुणाला देत नाही. पण ज्याला आपण महिनेच्या महिने गैरहजर लिहिलं, तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ निरीक्षण करत होता, हे मला कळायला एक कोळी आणि पंचवीस वर्षं लागली. त्याची माफी मी त्या माळावर मागितली आहे. आज तुमच्या सगळ्यांसमोर पुन्हा मागते, कारण यादी सगळ्यांसमोर वाचली जायची.

आपल्या तालुक्याचंही तसंच आहे. बाहेर कुठेही माण म्हटलं की एकच शब्द येतो, दुष्काळी. तो खरा आहे, आपण टँकरच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत. पण त्या शब्दापलीकडचं वर्णन कुणी करायचं? माणदेशी माणसांची वर्णनं व्यंकटेश माडगूळकरांनी लिहून ठेवली. माणदेशी किड्यामुंग्यांची, गवताची, कपारींची नोंद आपणच करायला हवी, बाहेरचा कुणी येईल याची वाट न बघता.

म्हणून शेवटी एक ठोस सूचना. या मेळाव्यातून शाळेला भेट द्यायची ठरलं आहे, आणि डिजिटल बोर्डचं नाव पुढे आलं आहे. तो द्याच. पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी द्या. एक चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, त्याचा खर्च मी करते. आणि एक जाड नोंदवही, जिच्यात मुलांनी लिहायचं: काय दिसलं, कुठे, कधी, कुणाला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. शाळेची वही तिला पूरक होईल. प्राणी पकडायचे नाहीत, मारायचे नाहीत, बिळात हात घालायचा नाही. माणमध्ये विंचू-फुरसं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. नुसतं बघायचं आणि लिहायचं. नव्या प्रजातीची आशा धरू नका. शंभरातल्या नव्याण्णव नोंदी जुन्याच निघतील, माझ्यासारख्या. तरीही शंभराच्या शंभर नोंदी उपयोगी असतात, कारण प्रत्येकीखाली जागा आणि तारीख असते.

आणि त्या वहीत शेवटचा रकाना ठेवा, पाहणाऱ्याचं पूर्ण नाव. शाळा सोडून मेंढरांमागे गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या मुलानं काही पाहिलं असेल, आणि परत आल्यावर सांगितलं, तर तेही लिहून घ्या. त्या पानावर तो हजर असेल.

मित्रा, उद्या सकाळी कपारीत जायचं ठरलं आहे ना? बॅचमधले सात-आठ जण येणार म्हणतायत. डोकं वाकवून आत या, मोठ्यानं बोलू नका, आणि कृपा करून त्यांना काडीनं हलवू नका. ते आपोआप घुमतात.